खालचीवाडी, बंदर आणि सातबाऱ्यावरचे ‘जुने’ : खाडीकाठच्या एका जागेची नावे कशी वाचावीत

कराडहून एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे आजोबा गुहागर तालुक्यातील खाडीकाठच्या एका लहान वाडीतून कुंभार्ली घाट चढून वर आले, कराडात स्थिरावले, आणि पुढच्या दोन पिढ्यांचे त्या वाडीकडे जाणे हळूहळू थांबले. आता वारस नोंदीसाठी कागद गोळा करताना त्या एकाच जागेची चार नावे त्यांच्या हाती आली आहेत. घरातल्या ८४ वर्षांच्या आजी तिला ‘खालचीवाडी’ म्हणतात. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर गावाच्या नावापुढे ‘बंदर’ असे जोडलेले आहे. संगणकीकृत सातबाऱ्यावर महसुली गावाचे नाव आहे आणि ‘शेताचे स्थानिक नाव’ या रकान्यात ‘जुने’ एवढाच शब्द आहे. मोबाईलवरच्या नकाशात मात्र यांपैकी एकही नाव नसून तेथे शेजारच्या वाडीचे, तेही ओळखू न येणारे, रूप दिसते. यांतले खरे नाव कोणते, वाडी नेमकी कोठे धरायची आणि अर्जात काय लिहायचे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो. नोकरीची पहिली अकरा वर्षे रत्नागिरी जिल्ह्याच्या किनारपट्टीवर गेली आणि पुढची सगळी सातारा व सांगली जिल्ह्यांत, त्यामुळे घाटाच्या दोन्ही बाजूंचे कागद आणि दोन्हीकडची बोलण्याची रीत मी जवळून पाहिली आहे. प्रश्नात दिलेले महसुली गावाचे आणि वाडीचे नाव मी येथे मुद्दाम घेत नाही, कारण ते कागद एका कुटुंबाचे आहेत. माझ्या उत्तराचा काही भाग अजून न सांगितलेल्या गोष्टींवर अवलंबून आहे, हेही आधीच सांगतो. गुहागर तालुक्याला उत्तरेकडे वाशिष्ठीची म्हणजे दाभोळची खाडी आहे आणि दक्षिणेकडे शास्त्री नदीची म्हणजे जयगडची खाडी आहे. आपली वाडी यांपैकी कोणत्या खाडीवर आहे, जमीन बांधाच्या आत आहे की बाहेर, आणि त्या सर्वे नंबरचे जुने टिपण, म्हणजे मूळ मोजणीची आकृती, मिळते का, या तीन गोष्टी कळल्या तर उत्तर अधिक नेमके होईल.

माझ्या मते खरी अडचण चार नावे असण्याची नाही. ही चारही नावे एकाच वस्तूची आहेत, असे आपण गृहीत धरले आहे, आणि गोंधळ तेथे सुरू होतो.

आपल्या घाटावरच्या गावात असे गृहीत धरले तरी सहसा बिघडत नाही. सातारा-सांगलीकडचे गाव म्हणजे नदीच्या किंवा ओढ्याच्या काठी एकवटलेली घरे, मध्ये देऊळ आणि चावडी, भोवती गावठाणाची हद्द आणि तिच्या पलीकडे चारही बाजूंना शिवार. नाव गावठाणाला घट्ट चिकटलेले असते. एकच नाव अनेक गावांना असले, तर वेगळेपणा दाखवण्यासाठी दुसरा शब्द जोडतात. सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ, कवठे एकंद आणि कवठे पिरान आहेत. सातारा जिल्ह्यात वाठार स्टेशन, वाठार किरोली आणि वाठार निंबाळकर आहेत. कोठे देव, कोठे रेल्वे स्थानक, कोठे शेजारचे गाव, कोठे राजघराणे ओळखीला घेतले, एवढाच फरक आहे. जोडशब्द बाजूला केला तरी मागे जे राहते ते एका गावठाणाचेच नाव असते.

किनाऱ्यावर गावाची रचनाच निराळी असते. मोकळ्या समुद्राच्या बाजूने आत चालत गेले की आधी पुळण लागते, म्हणजे वाळूचा पट्टा. त्यानंतर सुरूची किंवा माडांची ओळ, मग आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग आणि तिच्यातच वसलेली घरे. घरांच्या मागून रस्ता जातो, रस्त्यापलीकडे भाताचे मळे असतात, मग डोंगराचा उतार आणि सर्वांत वर सडा, म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार. खाडीकाठी क्रम बदलतो. पाण्याला लागून कांदळवन आणि खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन, मग खारे पाणी अडवणारा बांध, बांधाच्या आत भातखाचरे, आणि घरे त्याहून आत डोंगराच्या पायथ्याशी. महसुली गावाची हद्द बहुतेक वेळा या सगळ्या पट्ट्यांना आडवी कापत पाण्यापासून सड्यापर्यंत जाते, आणि त्यामुळे एका गावात पाण्याजवळची एक वाडी, उताराच्या मध्यावरची दुसरी आणि सड्यावरची तिसरी अशी विखुरलेली वस्ती येते. वाड्यांमध्ये कधी अर्ध्या तासाची चाल असते. त्या एका गावातल्या आहेत हे घरांच्या जवळिकीवरून कळत नाही, ते ग्रामदेवतेवरून कळते. शिमग्यात कोणत्या ग्रामदेवतेची पालखी आजोबांच्या अंगणात येत असे, हे आजींना अवश्य विचारावे. वाडी मूळ कोणत्या गावातली, हे ठरवताना या एका उत्तराचा मला अनेक दाखल्यांपेक्षा अधिक उपयोग झाला आहे.

आता एकेक नाव घेऊ.

‘खालचीवाडी’ हे नाव वाचताना मला सर्वांत आधी एक शंका येते, आणि ती आपण कराडला राहता म्हणून येते. घाटावरच्या माणसाच्या बोलण्यात ‘खाली’ म्हणजे कोकण. ‘खाली गेलेत’, ‘खालून माणसे आलीत’, ‘खालचे तांदूळ’ हे शब्द कराड-पाटणकडे रोज कानावर पडतात. आजी लग्न होऊन कराडातच आल्या असतील आणि सासरचे मूळ घर त्यांनी सणावारापुरते पाहिले असेल, तर ‘खालची वाडी’ म्हणजे ‘आपली घाटाखालची वाडी’ एवढाच अर्थ असू शकतो. ते घरातले बोलण्याचे नाव झाले. तिकडच्या माणसांना ते ठाऊकही नसेल. उलट आजींचे बालपण त्याच गावात गेले असेल, तर ‘खालची’ हा शब्द वरच्या किंवा मधल्या वाडीच्या तुलनेत आलेला असणार आणि मग ते तिकडचे रूढ नाव आहे. हे दोन अर्थ वेगळे करण्यासाठी आजींना ‘वरची वाडीही होती का, आणि तेथे कोणाची घरे होती’ असे विचारावे. वरच्या वाडीची माहिती त्यांनी न अडखळता सांगितली, तर नाव गावातले आहे असे धरायला हरकत नाही.

येथे आणखी एक सावधगिरी हवी. किनाऱ्यावर ‘वर’ आणि ‘खाल’ हे शब्द नेहमी उंची दाखवत नाहीत. खुद्द गुहागर शहरात वरचापाट आणि खालचापाट असे दोन भाग आहेत, आणि दोन्ही समुद्राला समांतर पसरलेल्या त्याच सपाट पट्टीवर आहेत. चालताना चढ किंवा उतार जाणवत नाही. म्हणून नकाशावरच्या उंचीच्या रेषा पाहून ‘सखल भाग म्हणजे खालचीवाडी’ असे ठरवू नये. त्या गावापुरते वर कोणीकडे आणि खाली कोणीकडे, हे तेथल्या माणसालाच विचारावे लागते.

‘बंदर’ या नावाचा मालक वेगळा आहे. ते पाण्यावरून येणाऱ्या माणसाने दिलेले नाव आहे. रस्ते होण्यापूर्वी कोकणात माणसे आणि माल गलबतांतून आणि होड्यांतून येत-जात, आणि जेथे होडी लागे ती जागा त्या गावाचे बंदर म्हणून ओळखली जाई. आज तेथे धक्का असेलच असे नाही. पाण्यात उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या चार पायऱ्या किंवा होडी बांधायची एखादी मेढ उरली असेल, किंवा तीही नसेल. शाळेत नाव घालताना ‘राहणार कोठे’ या प्रश्नाला त्या काळच्या पालकाने ज्या नावाने टपाल आणि माणूस पोहोचत होता ते नाव सांगितले, आणि गुरुजींनी ते लिहिले. म्हणजे दाखल्यावरचे ‘बंदर’ चुकीचे नाही. ते पोहोचण्याच्या जागेचे नाव आहे, जमिनीचे नाही. समुद्रावरून आणि जमिनीवरून एकाच ठिकाणाची नावे किती वेगळी पडतात, याची मोठी उदाहरणेही याच किनाऱ्यावर आहेत. विजयदुर्गाला परक्या दर्यावर्दींच्या जुन्या कागदांत घेरिया म्हटले आहे, आणि ते नाव शेजारच्या गिर्ये गावावरून आले आहे. बाणकोटचा किल्ला मराठी कागदांत हिंमतगड आहे आणि इंग्रजांनी घेतल्यावर तो त्यांच्या लेखी फोर्ट व्हिक्टोरिया झाला. किल्ल्यांची नावे इतिहासात नोंदली गेली म्हणून त्यांचा माग काढता येतो. वाडीच्या बाबतीत तो माग आजीच्या आठवणीत आणि एखाद्या जुन्या दाखल्यात असतो.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचा शब्द सातबाऱ्यावरचा ‘जुने’ हा आहे, आणि तो मूळचा ‘जुने’ नसावा असे मला जवळजवळ खात्रीने वाटते. माझा अंदाज असा की, मूळ हस्तलिखितात तेथे ‘जुवे’ असणार. जुवे किंवा जुवा म्हणजे खाडीतले बेट, गाळ साचून वर आलेली आणि भोवती पाणी असलेली जमीन. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीत जुवे नावाचे छोटे गावच आहे, आणि मालवण तालुक्यात मसुऱ्याच्या बाजूला खोतजुवा आणि पाणखोलजुवा ही बेटे आहेत. घाटावर हा शब्द नाही. सुट्या शब्दांच्या यादीवरून टंकलेखन करणाऱ्या आणि किनारा न पाहिलेल्या माणसाला हाताने लिहिलेले ‘जुवे’ दिसले, तर तो त्याला माहीत असलेला शब्द वाचतो. हातच्या अक्षरात ‘व’चे पोट नीट मिटले नाही की तो ‘न’सारखा दिसतो, आणि ‘जुने’ हा शब्द अर्थपूर्ण असल्यामुळे तपासणाऱ्याचीही नजर त्यावर थांबत नाही.

असा प्रसंग मी एकदा प्रत्यक्ष पाहिला आहे. मोजणीसाठी एका खाडीकाठच्या गावात गेलो असताना नव्या उताऱ्यावर सलग पाच हिस्स्यांना ‘जुने’ असे नाव होते. जमीनधारकांपैकी एक वृद्ध बाई खारबांधावर उभ्या होत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मी उताऱ्यावरचे नाव मोठ्याने वाचले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘जुनं कशाला, हा जुवा. माझा सासरा इथं होडीनं यायचा.’ मग बांधाच्या टोकापासून त्या एकेका खाचराचे नाव सांगत गेल्या : उघाडीजवळचे, सुंदरीखालचे, वडाचे, मिठागर. उघाडी म्हणजे बांधातली पाणी सोडायची झडप, आणि सुंदरी हे खाडीकाठचे झाड त्या जागी आता एकही नव्हते. दुसऱ्या दिवशी कार्यालयात टिपण काढून पाहिले, तेव्हा त्या पाच हिस्स्यांच्या भोवती पाण्याची रेघ स्पष्ट काढलेली होती आणि आत मोडीत जो शब्द होता तो ‘जुवे’ असाच वाचावा लागत होता. जमीन मुख्य काठाला जोडणारा बांध नंतर पडला होता. म्हणजे त्या एका शब्दाने सांगितले की ही जागा मुळात बेट होती. शब्द बदलला आणि कागदावरून बेटच नाहीसे झाले.

हे खरे मानायचे तर आपल्या जमिनीचे स्थान शोधण्याची रीतही बदलते. आपण वाडीच्या घरांमध्ये जमीन शोधत आहात. ‘जुवे’ ही नोंद खरी असेल, तर ती जमीन घरांपासून दूर, बांधाच्या बाजूला, कदाचित खाडीच्या पूर्वीच्या एखाद्या फाट्याच्या पलीकडे निघेल. घराची जागा आणि शेताची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘बंदर’ आणि ‘जुवे’ ही नावे एकमेकांशी जुळत नाहीत असे आपल्याला वाटले ते यामुळेच असावे. दोन्ही पाण्याजवळच्या पण वेगवेगळ्या जागा आहेत.

टिपण म्हणजे काय, हेही थोडे सांगायला हवे, कारण सातबारा सगळ्यांना माहीत असतो पण टिपण फार कमी लोक मागतात. मूळ मोजणीच्या वेळी प्रत्येक सर्वे नंबरची आकृती काढून तिच्या बाजूंची मापे साखळी आणि आण्यांत लिहिली गेली. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. त्या आकृतीभोवती ओढा, वाट, बांध, झाड आणि लगतचे नंबर दाखवलेले असतात. पुढे हिस्से पडले त्यांच्या आकृतीचा कागद, म्हणजे फाळणी, वेगळा असतो. आपल्या सातारा-सांगलीकडे एकत्रीकरण होऊन जमिनीला गट नंबर पडले, म्हणून कराडच्या माणसाला गट नंबरची सवय असते. कोकणात बहुतेक गावांत अजून सर्वे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतात, आणि एका नंबराचे कित्येक बारीक हिस्से असतात. हिस्सा नंबर लिहिताना एक आकडा सुटला तरी आपण दुसऱ्याच्या खाचरात उभे राहतो. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून सर्वे नंबरचे टिपण, हिस्स्याची फाळणी आणि गाव नकाशा या तिन्हींच्या नकला मागाव्यात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून त्याच जमिनीचे हस्तलिखित सातबारे, जितके जुने मिळतील तितके, काढावेत. ‘शेताचे स्थानिक नाव’ हा रकाना नव्या उताऱ्यांवर पुष्कळदा रिकामा असतो. जुन्यांवर तो भरलेला सापडतो.

हे जुने कागद वाचताना दोन अडचणी येतील. पहिली मोडीची. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा दाखवत नाहीत, त्यामुळे नाव कोठे संपते आणि ‘वाडी’ किंवा ‘बंदर’ कोठे सुरू होते, हे वाचणाऱ्याला गावाची माहिती असल्याशिवाय ठरवता येत नाही. मोडी वाचणारी माणसे साताऱ्यात आणि सांगलीत आहेत, पण त्यांना आधी कोकणातल्या नावांची यादी हाती द्यावी. दुसरी अडचण तालुक्याची. गुहागर पूर्वी चिपळूण तालुक्याखालचा पेटा, म्हणजे पोटविभाग, होता, म्हणून जुन्या कागदावर तालुका चिपळूण असे दिसले तर ती वेगळी जागा समजू नये.

मोबाईलच्या नकाशावरील नावाबद्दल फार वेळ घालवू नये असे माझे मत आहे. तेथे नाव आधी रोमन लिपीत गेलेले असते आणि मग यंत्राने ते पुन्हा देवनागरीत आणलेले असते. रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण, द आणि ड यांचा भेद राहत नाही, अ आणि आ यांचाही राहत नाही. त्यामुळे कोळथरेचे कोलथारे होते, तवसाळचे तवसाल होते आणि हर्णैचे हरणाई होते. शिवाय नावाची खूण वस्तीच्या मध्यावर ठेवलेली असते, आणि लांबट पसरलेल्या गावात मध्य कोठे धरायचा हे ठरवणे कठीण. भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलदर्शक नकाशा अधिक भरवशाचा आहे. त्याच्या जुन्या क्रमांकपद्धतीत ४७ जी या पत्रकात १७ ते १८ अक्षांश आणि ७३ ते ७४ रेखांश यांमधला प्रदेश येतो, म्हणजे पश्चिम कडेला गुहागर-दापोलीचा किनारा, मध्ये कोयनेचे खोरे आणि महाबळेश्वर, आणि पूर्व कडेला सातारा शहराचा उंबरठा. कराड शेजारच्या ४७ के मध्ये जाते. त्या पत्रकाच्या मोठ्या प्रमाणावरच्या उपपत्रकात वाडी, विहीर, देऊळ आणि भरतीची रेषा दिसते. आपली खाडी दाभोळची असेल तर त्याच पत्रकावर आणखी एक गोष्ट बोटाने दाखवता येते : कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर पोफळीकडून वाशिष्ठीत उतरते आणि आजोबांच्या वाडीपुढून समुद्राला जाते, आणि जी कोयना तशीच पुढे वाहते ती कराडला कृष्णेस मिळते.

एकाच नावाच्या दोन जागांची चूक किती महाग पडते, ते मी स्वतःच्या हाताने केलेल्या चुकीतून शिकलो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मोजणीची नोटीस मी नुसत्या वाडीच्या नावाने पाठवली. त्या नावाची वाडी शेजारच्या गावातही होती आणि नोटीस तिकडे गेली. ज्या माणसाचा बांध मोजायचा होता तो मोजणीला हजर राहू शकला नाही, आणि त्याला पुढे दोन वर्षे तक्रारीच्या तारखांना तालुक्याला यावे लागले. तेव्हापासून मी वाडीचे नाव एकटे कधीही लिहिलेले नाही. किनाऱ्यावर तर ही काळजी अधिक घ्यावी लागते, कारण वायंगणी, वेळास, मुरूड ही नावे एकाहून अधिक ठिकाणी आहेत. वायंगण म्हणजे पाणथळ जमिनीतले पावसाळ्यानंतरचे भातपीक, आणि जेथे ते निघते तेथे वायंगणी हे नाव स्वाभाविकपणे पडते. ज्या शब्दात जमिनीचा गुण आहे तो शब्द अनेक ठिकाणी उगवणारच.

म्हणून अर्जात काय लिहायचे, याचे माझे उत्तर असे. ज्या कागदासाठी अर्ज आहे, त्या कागदाच्या मालकीचे नाव आधी लिहावे. वारस नोंद महसुली गावावर होते, म्हणून ‘मौजे’ या शब्दापुढे महसुली गावाचे नाव, सातबाऱ्यावर आहे तसेच, एका अक्षराचाही बदल न करता लिहावे. मग तालुका, जिल्हा, सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर. गावाचा जनगणनेचा किंवा स्थानिक शासन निर्देशिकेचा संकेतांक मिळत असेल तर तोही द्यावा, कारण स्पेलिंग बदलले तरी आकडा बदलत नाही. वाडीचे नाव त्यानंतर, ‘पैकी’ हा शब्द वापरून. दाखल्यावरचे ‘बंदर’ आणि सातबाऱ्यावरचे गाव एकच आहे, हे दाखवण्यासाठी ग्रामपंचायतीचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र पुरेसे होते असा माझा अनुभव आहे, मात्र ते कागद स्वीकारणारा अधिकारी आणखी काही मागू शकतो. पिनकोडवर विसंबू नये. ४१५ हे पहिले तीन आकडे सातारा जिल्ह्याला आहेत, गुहागर-चिपळूणला आहेत आणि विटा-शिराळ्यालाही आहेत. ते टपाल वाटण्याच्या सोयीचे आहेत, गाव ओळखण्याच्या नव्हेत.

‘जुने’चे ‘जुवे’ करून घ्यायचे असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे करता येतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची नक्कल हा त्याचा मुख्य आधार. हक्काच्या नोंदीला त्याचा स्पर्श होत नाही, म्हणून अनेक जण ही दुरुस्ती सोडून देतात. मी ती करून घ्यावी असे आग्रहाने सांगतो. भरतीच्या रेषेखालची खाडीची आणि समुद्राची जमीन शासनाची असते आणि तिला सर्वे नंबर नसतो, त्यामुळे पुळणीच्या, फाट्यांच्या आणि होडीच्या वाटांच्या नावांना सरकारी कागदात जागाच नाही. पाण्याच्या कडेची जी थोडी नावे सातबाऱ्यात शिरली आहेत, ती तेवढीच आहेत.

नाव न जुळण्याचे आणखी एक कारण असू शकते. कोकणातल्या पुष्कळ वाड्यांची जुनी नावे जातींवरून होती, आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय योग्यच होता. मात्र त्यामुळे ग्रामपंचायतीच्या आजच्या यादीत आजोबांच्या वेळचे नाव सापडणार नाही अशी शक्यता आहे. तसे असेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडे, नावबदलाचा ठराव मागावा. त्यात जुने आणि नवे दोन्ही नाव शेजारी शेजारी असते.

येथपर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर, महसुली गावाचे नाव हक्कासाठी आहे, ‘बंदर’ हे पोहोचण्याच्या जागेचे आहे, ‘जुवे’ हे शेताचे आहे, आणि ‘खालचीवाडी’ हे घरांचे आहे की केवळ कराडच्या घरातले आहे, ते आजींच्या उत्तरावर ठरेल. यांपैकी एकही नाव खोडू नये.

प्रत्यक्ष जाणार असाल तर पावसाळ्यापूर्वी आणि अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास जावे. उधाणाच्या दिवसांत भरती जितकी वर येते तितकीच ओहोटीही खोल जाते, आणि जुन्या फाट्यांचा चिखल, बुडालेल्या पायऱ्या, बांधाचा पाया हे सगळे त्या दोन-तीन तासांत उघडे पडते. गाव नकाशाची नक्कल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घ्यावी, खाऱ्या वाऱ्यात कागद लगेच ओला होतो. रस्त्याने वाडीपर्यंत पोहोचल्यावर शक्य असल्यास पलीकडच्या तीरावरूनही ती पाहावी. धोपावे-दाभोळ किंवा तवसाळ-जयगड यांपैकी जी फेरीबोट आपल्या खाडीवर असेल, तिच्यावरून काठ पाहिला की ‘बंदर’ हे नाव कोणत्या वळणाला दिले असेल याचा अंदाज येतो. जमिनीवर उभे राहून तो येत नाही.

त्याआधी, शक्य तर याच आठवड्यात, आजींना बसवून त्यांच्या तोंडची नावे लिहून घ्यावीत आणि मोबाईलवर त्यांचा आवाजही घ्यावा. विहिरीचे नाव, देवळाकडे जाणाऱ्या पाखाडीचे, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेचे, नाव, होडी कोठे लागे त्या जागेचे नाव, शेजारच्या आगराचे नाव. लिहिताना त्यांचा उच्चार सुधारू नये. त्या ‘जुवा’ म्हणाल्या तर ‘जुवा’ लिहावे आणि ‘जुवं’ म्हणाल्या तर ‘जुवं’. आपण टिपणाची नक्कल मिळवलीत की सर्वे नंबर झाकून तिचे छायाचित्र पाठवा. आकृतीभोवती पाण्याची रेघ आहे का, एवढे मी पाहून सांगेन.